तुलांबेनचा कडा किनाऱ्यावरून: आत जाणं, फिरणं आणि मुख्य म्हणजे बाहेर येणं

पंचवटीकर (धागाकर्ता)

स्कूबा डाइव्हिंग करणाऱ्या नाशिकच्या मंडळींचे बालीतल्या तुलांबेनबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकत्र लिहितो. धागा कोर्स झालेल्यांसाठी आहे. ज्यांनी तारकर्लीला हात धरून पंधरा मिनिटांची डुबकी मारली आहे त्यांनी वाचावं जरूर, पण आधी ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स करावा आणि मग तिकीट काढावं.

जागा अशी. आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याला, बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर हे छोटं गाव आहे. विमानतळावरून गाडीने तीन तास धरा. अमेरिकी लष्कराचं लिबर्टी हे मालवाहू जहाज ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं. ते ओढत आणून इथल्या किनाऱ्याला लावलं आणि १९६३ साली आगुंगच्या उद्रेकात ते समुद्रात सरकलं. आज ते किनाऱ्यापासून जेमतेम ३०-४० मीटरवर आडवं पडलेलं आहे. वरचा भाग ५ मीटरवर, तळ ३० मीटरच्या आसपास. बहुतेक लोक तेवढंच बघून येतात.

माझ्या मते खरी जागा उपसागराच्या पूर्व टोकाचा ड्रॉप-ऑफ. तो त्याच १९६३च्या लाव्ह्याचा कडा आहे. ३-४ मीटरवर सुरू होतो आणि ६०-७० मीटरपर्यंत उतरतो. ३० मीटरच्या सुमाराला मोठे समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) आहेत. लिबर्टी आणि कडा यांच्या मधल्या पट्ट्याला कोरल गार्डन म्हणतात. तो उथळ आहे, पहिल्या दिवशीच्या तपासणी-डाइव्हला उत्तम.

बोट लागत नाही म्हणून लोक याला सोपं समजतात. बोटीवरून उतरलात तर बोट तुमच्याकडे येते. इथे किनारा काही तुमच्याकडे यायचा नाही. त्यामुळे सगळं नियोजन बाहेर पडण्यापासून उलटं मोजत करायचं.

आत जाताना. किनाऱ्यावर वाळू कमी, काळे गुळगुळीत गोटे जास्त. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, आणि लाटेबरोबर पायाखालून सरकणारे. जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स हवेतच. पाय पूर्ण आत जाणारे फिन्स आणलेत तर अनवाणी चालावं लागेल. पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा तीन-चारच्या झुंडीने येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत शिरायचं. मास्क डोळ्यांवर, कपाळावर नाही. रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं उपकरण) तोंडात, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) अर्धी फुगवलेली, फिन्स हातात. जोडीदाराचा खांदा धरून, पाय न उचलता सरपटवत चाला. लाट अंगावर आली की तिला कूस द्या, छाती देऊ नका. पाणी छातीशी आलं की लगेच तरंगा, थोडं पुढे जा आणि मग एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन फिन चढवा. लाट फुटते त्या पट्ट्यात थांबून फिन घालणारा हमखास आडवा होतो.

सकाळी लवकर जा. दुपारकडे वारा वाढतो, लाटा वाढतात आणि दक्षिण बालीतून आलेल्या गाड्यांची गर्दीही.

कड्यावर. समुद्राकडे तोंड केलं की पूर्वेचं टोक उजव्या हाताला. उतरण्याआधी होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा लावून घ्या. काळ्या वाळूच्या उतारावरून खाली गेलात की उजवीकडे खडक लागतो. जाताना कडा उजव्या खांद्याला, येताना डाव्या. सगळ्यात खोल भाग आधी, परतीचा प्रवास ५ ते ८ मीटरवरून. परतीला कडा संपून वाळू लागली की उतार चढत राहा, किनारा तिकडेच आहे. कड्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर प्रवाह जोर धरू शकतो. कोपरा ओलांडायच्या आधी समुद्रपंखे बघा, ते वाकलेले दिसले तर तिथूनच वळा.

हवेचं गणित खालच्या प्रतिसादात टाकतो, इथे लांबलं.

---

निळाई

वाचनखूण साठवली. एक पुरवणी. नोव्हेंबर ते मार्च तिथला पावसाळा. पाऊस झाला की कोरड्या ओढ्यांतून गाळ उतरतो आणि उथळ पाण्यातली दृश्यमानता एकदम बसते. दिवाळीनंतरच जायचं असेल तर आधीचे एक-दोन दिवस पाऊस कसा झाला ते डाइव्ह सेंटरला विचारून ठरवा. पाणी साधारण २६ ते २९ अंश. जुलै-ऑगस्टमध्ये खालून थंड पाणी येतं तेव्हा ३ मिमीचा सूट कमी पडतो, थंडी वाजणाऱ्यांनी ५ मिमी घ्यावा.

---

पंचवटीकर

हवेचं गणित. तिथे मिळणारी टाकी बहुधा अॅल्युमिनियमची, ११.१ लिटरची, २०० बार दाबाने भरलेली. "५० बार राहिले की वर" हा कोर्समधला नियम १८ मीटरला बसतो, ३० मीटरला बसत नाही. का ते बघा.

गृहीत असं की जोडीदाराची हवा संपली, दोघं तुमच्या टाकीवर, दोघंही घाबरलेले. प्रत्येकी मिनिटाला २० लिटर, म्हणजे पृष्ठभागावरच्या हिशोबाने ४० लिटर.

३० मीटरवर दाब ४ बार. गडबड निस्तरायला २ मिनिटं: ४० × ४ × २ = ३२०. तिथून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ३ मिनिटं, सरासरी दाब २.७५: ३३० लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: १८०. शेवटचे ५ मीटर: ५०. एकूण ८८०. भागिले ११.१, म्हणजे ८० बार.

हेच १८ मीटरला केलं तर गडबडीचे २२४ + पृष्ठभागापर्यंत चढायच्या २ मिनिटांचे १५२ + थांब्याचे १८० = ५५६, म्हणजे ५० बार.

म्हणून ३० मीटरवर काटा ८० दाखवत असेल तेव्हा तुम्ही वर निघालेले असायला हवं. वर, म्हणजे कड्याच्या कडेकडेने तिरकं वर. आणि किनाऱ्यावरून केलेल्या डाइव्हला यात लाटेतून बाहेर पडण्याची हवा धरलेली नाही. पाण्याच्या कडेला पोचताना ५० बार हातात हवेत, कारण गोट्यांवर आपटलात तर रेग्युलेटर तोंडात असणं हाच इलाज.

माझी शिफारस: २०० बारवर आत, १२०ला वळण, ८० व्हायच्या आत १० मीटरपेक्षा उथळ पाण्यात.

---

कसारा_लोकल

१२०ला वळण जरा जास्तच सावध नाही का? समुद्र शांत असताना अर्धी डाइव्ह वाया जाते. टाकीचा तिसरा भाग जायला, तिसरा यायला, हा हिशोब गुहेसाठी ठीक. मोकळ्या पाण्यात थेट वर येता येतं की.

---

पंचवटीकर

येता येतं, पण कुठे येता? कोपऱ्यापलीकडे वर आलात तर समोर खडक, त्यावर लाटा. तिथून पूर्ण साहित्यासह पृष्ठभागावरून पोहत यायचं, तेही प्रवाह उलटा असेल तर. वाया काहीच जात नाही. परतीला ६ मीटरवर टाकी कितीतरी जास्त टिकते. मिनिटाला १५ लिटर घेणारा माणूस ३० मीटरवर ६० लिटर खातो, ६ मीटरवर २४. कड्याचा वरचा भाग प्रवाळ आणि माशांनी सगळ्यात भरलेला असतो, कारण उजेड तिथेच. खोलात वेळ घालवायची घाई का?

---

कसारा_लोकल

हे पटलं. १२०च धरतो 🙂

---

ओ_रिंग

साहित्याचं मी लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या डाइव्हमध्ये वाळू हा वेगळाच प्रकार असतो.

बीसीडीच्या फुगवण्याच्या बटणात वाळूचा कण किंवा मीठ अडकलं की बटण दाबलेलंच राहतं आणि जॅकेट आपोआप फुगायला लागतं. कड्यावर हे झालं तर फुग्यासारखे वर जाल. उपाय एकच, हवेची नळी झटकन काढा आणि दुसऱ्या हाताने हवा सोडा. नळीची ती जोडणी डोळे मिटून काढता आली पाहिजे. पाण्यात शिरण्याआधी बटण पाच-सहा वेळा दाबून सोडून बघा, मागे यायला रेंगाळतंय का.

दुसरं. पडलात आणि रेग्युलेटर तोंडातून निसटला तर तो तोंडाची बाजू वर करून फसाफस हवा सोडत राहतो. तोंड खाली वळवा, थांबतो. तरी थांबला नाही तर पडद्याखाली वाळू गेली आहे. बाहेर या. "चालेल थोडं गळलं तर" असं म्हणत कड्यावर जाऊ नका.

तिसरं म्हणजे टाकीच्या तोंडाची रबरी ओ-रिंग. भाड्याच्या टाक्यांच्या रिंगा चपट्या, चिरलेल्या असतात. हवा सुरू केल्यावर बारीक सूं आवाज आला तर रिंग बदला, जास्त आवळू नका. चार-पाच रिंगा आणि फिनचा एक जादा पट्टा खिशात ठेवा. दोन्ही मिळून वजन काहीच नाही, आणि तुलांबेनला ऐनवेळी तुमच्या मापाचा पट्टा मिळेलच असं नाही. स्वतःचा रेग्युलेटर डिन (आट्यांच्या) जोडणीचा असेल तर अॅडॉप्टर न्या.

रेग्युलेटर धुताना टाकीला जोडायच्या टप्प्याचं झाकण कोरडं करून घट्ट बसवा आणि पाण्यात बुडवलेला असताना पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबू नका, पाणी नळीतून मागे जातं. नाशिकला परत आल्यावर बोअरच्या जड पाण्यात भिजत घालू नका, क्षाराचे पांढरे थर बसतात. पिण्याचं पाणी एक बादली पुरतं. सूट सावलीत वाळवा, गच्चीवरच्या एप्रिलच्या उन्हात निओप्रीन कडक होतं.

---

पंचवटीकर

@ओ_रिंग, वजनाचंही लिहा ना. पोहण्याच्या तलावातून थेट समुद्रात जाणाऱ्यांचं तिथेच बिनसतं.

---

ओ_रिंग

हो. तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. तुम्ही आणि साहित्य मिळून ९० किलो असाल तर समुद्रात साधारण सव्वादोन किलो जास्त लागतं. त्यात अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना बुडते आणि रिकामी होत आली की दोनेक किलोने वर उचलते. सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी, नेमकं ५ मीटरच्या थांब्यावर, कमी पडतं.

तपासणी अशी: टाकीत ५० बार, खोली ५ मीटर, बीसीडी पूर्ण रिकामी, श्वास नेहमीचा. तिथे स्थिर राहता आलं म्हणजे वजन बरोबर. कोरल गार्डनच्या पहिल्या डाइव्हच्या शेवटी हे करा आणि आकडा लिहून ठेवा. जास्त वजन घेऊन "सेफ साइड" गाठणारे कड्यावर सतत हवा भरत-सोडत बसतात. खाली तळ नसताना २ किलो जास्त म्हणजे जॅकेटमध्ये २ लिटर जास्त हवा, आणि ती खोलीप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावते. चार मीटर वर-खाली झालात की तोल गेला.

---

त्र्यंबकरोड

इथे नाशिकमध्ये सरावाला काय करता येईल? सावरकर तलावावर टाकी घेऊन उतरू देतील का? आणि अंबडमध्ये एका ओळखीच्यांच्या कारखान्यात मोठा कॉम्प्रेसर आहे, तिथे टाकी भरून घेता येईल का?

---

ओ_रिंग

कारखान्याचं डोक्यातून काढून टाका, प्लीज. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर ८-१० बार देतो, डाइव्हिंगच्या टाकीला २०० लागतात, म्हणजे ती भरणारच नाही. आणि उच्च दाबाचा असला तरी तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड गाळणारे फिल्टर त्याला नसतात. पृष्ठभागावर जाणवणार नाही इतका मोनॉक्साइड ३० मीटरवर चौपट दाबाने रक्तात जातो.

---

निळाई

तलावाची परवानगी व्यवस्थापनाकडे लेखी मागा. टाकीशिवायही बरंच होतं. ओपन वॉटर कोर्सला २०० मीटर पोहणं किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केलसह ३०० मीटर, आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. ते आधी सहज जमलं पाहिजे, धापा टाकत नाही. त्यानंतर फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) घोटा. सायकलसारखे पाय मारणारा माणूस तुलांबेनच्या काळ्या वाळूवर धुरळा उडवतो आणि मागच्यांचं दिसणं बंद करतो. फिन्स हातात धरून कमरेएवढ्या पाण्यातून चालणं, एका पायावर तोल सांभाळत फिन चढवणं, मास्क काढून एक मिनिट नुसतं नाकात पाणी असताना तोंडाने श्वास घेणं. हे सगळं नाशिकरोडच्या काय आणि कुठल्याही तलावात होतं.

कानाचं विसरू नका. तीन मीटरवर कानांतला दाब जुळवता आला नाही तर कड्यावर नुसती घाई होणार. दर मीटरला, दुखायच्या आधी.

---

डॉ_गंगापूररोड

दोन गोष्टी, दोन्ही उंचीच्या.

डाइव्हिंगनंतर विमानाबाबत डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: डिकंप्रेशन (साठलेला नायट्रोजन उतरवायला वर येताना घ्यायचे सक्तीचे थांबे) न लागलेली एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर किमान १८, डिकंप्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८पेक्षा बरेच जास्त. २४ तास धरले की हिशोब करत बसावं लागत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. लोक विसरतात ते हे की साधारण ६०० मीटरच्या वर गाडीने गेलात तरी नियम तोच.

बालीच्या सहलीत तुलांबेनहून सकाळच्या दोन डाइव्ह करून दुपारी "जाता जाता" किंतामणीचा बातूर ज्वालामुखी दाखवतात. तो कठडा सुमारे १५०० मीटरवर आहे. बेदुगुलचं तळ्यातलं मंदिर १२०० मीटरच्या आसपास. तेव्हा डोंगर आधी, समुद्र नंतर, आणि शेवटचा दिवस उबुद किंवा किनाऱ्यावर. ड्रायव्हरला आधीच सांगा की किंतामणीवरून न्यायचं नाही, अमलापुराच्या रस्त्याने चल.

घरच्याही बाजूला हाच विचार. नाशिक स्वतः ६०० मीटरच्या जरा खाली, इगतपुरी त्याच्या जवळपास. विमानातून उतरून कसारा चढणाऱ्याला काही नाही, तो आधीच जास्त उंचीच्या दाबात बसून आलेला असतो. पण तारकर्लीहून संध्याकाळी निघून आंबोलीने वर येणारा ६९० मीटर चढतो. त्याने निघायच्या आधी तारकर्लीतच १२ तास थांबावं. मुंबई-गोवा रस्त्याने आलात तर बारा तास रस्ताच भरून काढतो.

---

कसारा_लोकल

😂 शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं.

नायट्रॉक्सबद्दल, म्हणजे जादा ऑक्सिजन असलेल्या हवेबद्दल, मत? तिथे ३२ टक्के सहज मिळतं म्हणतात.

---

डॉ_गंगापूररोड

लिबर्टीवर दिवसाला तीन-तीन डाइव्ह करणार असाल तर फायदा आहे, नायट्रोजन कमी साठतो. कड्यावर मात्र लक्षात ठेवा, ३२ टक्क्यांची मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशोबाने ३३ मीटर. लिबर्टीला ३० मीटरवर तळ आहे, तो तुम्हाला अडवतो. कड्याला तळ ७० मीटरवर. स्वच्छ पाण्यात गोष्टी पाव अंतराने जवळ भासतात. "तो पंखा जरा खाली आहे" म्हणत माणूस ३६ला पोचलेला असतो. तिथे ऑक्सिजनच्या विषारीपणाने झटका आला तर आधी सूचना मिळेलच असं नाही. कड्यावर साधी हवा, किंवा नायट्रॉक्स घेऊन २५ मीटरपेक्षा उथळ. आणि प्रत्येक टाकीचं मिश्रण मीटरवर स्वतः तपासून, सही करून.

---

निळाई

प्रवाहाचं थोडं जास्त हवं होतं, म्हणून लिहिते. कड्याजवळ कधीकधी पाणी खाली ओढतं. ओळख अशी की तुमचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी घुटमळतात किंवा खाली येतात. अशा वेळी सरळ वर पाय मारत बसू नका, दम आणि हवा दोन्ही संपतात. कड्याला लागून मेलेल्या खडकाचा आधार घ्या आणि हातांनी चढत जा. आधार नसेल तर कड्यापासून आडवे दूर निघा, तो ओढा बहुधा अरुंद पट्ट्यात असतो. बीसीडीत हवा भरावी लागली तर एक हात हवा सोडायच्या दोरीवर ठेवूनच, कारण ओढा सुटला की तीच हवा तुम्हाला वर फेकते.

आणि टायटन ट्रिगरफिश. वाळूत खड्डा करून अंडी राखत असेल तर अंगावर येतो, चावतो. त्याचा इलाका घरट्यापासून वर नरसाळ्यासारखा उघडत जातो, म्हणून वर पळू नका, आडवे लांब जा आणि फिन्स त्याच्याकडे ठेवा.

---

त्र्यंबकरोड

हातमोजे घ्यावेत का मग? खडक धरायचा तर.

---

निळाई

नको. हातमोजे असले की माणूस सगळंच धरतो. उथळ पाण्यात लांब काट्यांचे सागरी साळू असतात, खडकात दगडमासा बसलेला असतो. उघडा हात असला की आपण बघून ठेवतो. दगडमासा किंवा लायनफिशचा काटा लागलाच तर भाजणार नाही इतक्या गरम, ४०-४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. त्यांचं विष उष्णतेने निकामी होतं. पाण्याची उष्णता दुसऱ्याच्या हाताने तपासा, दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही.

---

पंचवटीकर

चांगली भर पडली. बाहेर येण्याचं राहिलं होतं.

लाट फुटते त्याच्या अलीकडे, दीड-दोन मीटर खोलीवर थांबून एक झुंड जाऊ द्या. मग मास्क-रेग्युलेटर तसेच ठेवून लाटेच्या मागोमाग आत या. गुडघाभर पाण्यात येईपर्यंत उभं राहायचं नाही. लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि पुढची लाट त्यांना टाकीसकट तोंडावर आपटते. जमिनीला हात टेकले की फिन्स काढून मनगटात अडकवा. लाट मोठी असेल तर सरळ चार पायांवर रांगत बाहेर या. कुणी हसत नाही, तिथे सगळेच रांगतात. फारच खवळलेलं असेल तर कड्याच्या बाजूने निघण्याचा हट्ट सोडून कोरल गार्डनच्या मधल्या पट्ट्याकडे पाण्याखालूनच सरका, आणि त्यासाठीच ती परतीची हवा.

टाक्या वाहून न्यायला गावातल्या बायका आहेत, डोक्यावर टाकी घेऊन गोट्यांवरून चपला घालून चालतात. सेंटरच्या दरात त्यांचं वाहणं धरलेलं असतं का ते आधी विचारा, नसेल तर वेगळे पैसे द्या.

सेंटर निवडताना दर विचारण्याआधी दोन प्रश्न: ऑक्सिजनची बाटली किनाऱ्यावर असते का, आणि ती किती भरलेली आहे. दाखवा म्हणा. बालीतला रिकंप्रेशन चेंबर (डाइव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) देनपासारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे, जुन्या लोकांना ते सांगलाह नावाने माहीत आहे. तिथपर्यंत तीन तासांचा रस्ता ऑक्सिजनवरच काढायचा असतो. विमा डाइव्हिंग धरणारा घ्या, साध्या प्रवास विम्यात बहुधा तो वगळलेला असतो किंवा खोलीची मर्यादा असते.

---

त्र्यंबकरोड

फुगा, म्हणजे पृष्ठभागावर सोडायचा तो लांब मार्कर, बोट नसताना लागतो का?

---

ओ_रिंग

लागतो. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यालगतच फिरतात. ६ मीटरवरून सोडा, रीळ अंगाला अडकवू नका, नुसतं हातात धरा. आणि सोडायचा सराव तलावात करून या, निदान दहा वेळा.